काठाशी येऊन सुटणारा रोहू : एका रॉडचं प्रकरण

तक्रार अशी होती. मासा लागतो, ओढत ओढत काठापर्यंत येतो आणि शेवटच्या चार-पाच हातांवर सुटतो. गळ सरळ झालेला नसतो, गाठ शाबूत असते, दोरी कुठे खरचटलेली नसते. कधीकधी गळाच्या काट्याला ओठाची पातळ चामडी तेवढी चिकटून येते. मासा अर्ध्या किलोचा असो की दोन किलोचा, सुटायची जागा ठरलेली.

तक्रारदार म्हणजे आमच्या गल्लीतले मामा. सगळ्या गल्लीचेच मामा, म्हणून माझेही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जॉबर (माग जुळवून-दुरुस्त करून चालते ठेवणारा) म्हणून त्यांची उभी हयात गेली. लहानपणी गावाकडे बांबूच्या काठीला तंगूस बांधून सीना नदीत गळ टाकायचे. निवृत्तीनंतर मुलानं ऑनलाइन रॉड-रीलचा संच मागवून दिला आणि जुना नाद पुन्हा लागला. टेंभुर्णीच्या पुढं उजनी धरणाच्या फुगवट्यावर जायचं, ओळखीच्या मच्छीमाराला विचारून काठाला बसायचं, कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून रोहू, मृगळ आणि जमलंच तर चिलापी धरायची, असा त्यांचा बेत असतो. (विचारून बसणं ही नुसती रीत नाही. बहुतेक तलावांवर मासेमारीचा हक्क संस्थेकडे नाहीतर परवानाधारकांकडे असतो. रॉडवाला हौशी असला तरी त्याला तो मोडता येत नाही.)

काठावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं गळ मोठा घ्या, कुणी म्हणालं बारीक घ्या. एकानं दोरी जाड करायला सांगितली. सगळ्यात जास्त वेळा मिळालेला सल्ला होता, "मामा, हिसका जोरात द्या, गळ आत रुततच नाही तुमचा." मामांनी इमानदारीनं सगळं करून पाहिलं. हिसका जोरात दिल्यावर मासे आणखी लवकर सुटायला लागले. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला पहिला खरा पुरावा तोच होता.

गळ रुतत नसता तर मासा सुरुवातीलाच सुटला असता. तो चाळीस-पन्नास फूट ओढत येतोय, म्हणजे गळ रुतलेला आहे. गळ कमजोर असता तर तो उघडून आला असता, दोरी कमजोर असती तर तुटली असती. राहता राहिला माशाचा ओठ. ओठ फाटतोय, आणि तोही काठाशी आल्यावरच. तेव्हा प्रश्न असा होता की शेवटच्या दहा फुटांत असं काय बदलतं?

रॉडवर काय लिहिलं होतं

मामांचा रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, कार्बनचा. मुठीच्या वर बारीक अक्षरांत 'एमएच' म्हणजे मिडियम हेवी, पुढं 'फास्ट', दोरी १२ ते २० पौंड, ल्यूर (नकली आमिष) १० ते ३० ग्रॅम. रीलवर ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) दोरी भरलेली, तीसुद्धा २० पौंडी. किलोत सांगायचं तर नऊ किलोच्या आसपास.

रॉडबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास गल्लत होते, दुकानदारांकडूनही. एक म्हणजे रॉड वाकवायला जोर किती लागतो. लाइट, मिडियम, हेवी हे शब्द त्यासाठी आहेत. दुसरी म्हणजे तो वाकतो कुठून. वरचा तिसरा हिस्साच वाकत असेल तर फास्ट, निम्म्यापर्यंत वाकत असेल तर मॉडरेट, पार मुठीपर्यंत कमान होत असेल तर स्लो. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. मुठीपर्यंत वाकणारा पण वाकवायला दमवणारा रॉड असतो, आणि काडीसारखा हलका असूनही फक्त शेंड्याशी वाकणाराही असतो. 'कडक' आणि 'नरम' एवढ्या दोन शब्दांवर खरेदी केली की यातलं काय घरी आलं ते पाण्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

मामांचा रॉड दोन्ही अर्थांनी कडक होता. आणि तो वाईट रॉड अजिबात नव्हता. तो मरळीचा रॉड होता. मरळ जलपर्णीच्या कडेला दबा धरून असते, तिचं तोंड हाडाचं, दातांचं. रबरी बेडकावर तिनं झडप घातली की गळ त्या हाडात घुसवायला एकच सणसणीत हिसका लागतो, आणि दुसऱ्या क्षणाला तिला गवतातून बाहेर काढावं लागतं, नाहीतर ती गुंडाळून बसते. तिथं शेंड्याशीच वाकणारा ताठ रॉड आणि न ताणणारी ब्रेडेड दोरी हीच जोडी हवी. रोहूचं तोंड याच्या अगदी उलट. जबड्यात दात नाहीत (त्याचे दात घशात असतात), ओठ मांसल, झालरीसारखे, खाणं शेवाळ आणि वनस्पतींचं. चिलापीचे ओठ तर त्याहून पातळ. अशा ओठात गळ बसायला हिसका लागतच नाही, दोरी ताठ केली तरी पुरतं. खरी कसोटी असते ती बसलेला गळ टिकवण्याची.

आता शेवटच्या दहा फुटांकडे येऊ. नायलॉनचा तंगूस ताणला जातो. शंभर फूट तंगूस पाण्यात असेल तर माशानं मारलेला धक्का त्या लांबीत बराचसा मुरतो. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणतच नाही. तरी मासा लांब असताना पाण्यातल्या दोरीचा झोल आणि पाण्याचं घर्षण थोडाफार धक्का खातात. मासा काठाशी आला की हे सगळं संपतं. मधे उरते आठ-दहा फूट न ताणणारी दोरी आणि जेमतेम शेंड्याशी वाकणारा रॉड. नेमकं तेव्हाच माशाला माणूस दिसतो, उथळ पाणी लागतं आणि तो जिवाच्या आकांतानं वळतो. तो धक्का कुठंतरी जिरायला हवा. तोच धक्का तीन-चार फुटांच्या हालचालीत जिरला तर ओठावर येणारा ताण कमी, अर्ध्या फुटात जिरवायचा म्हटलं तर ताण कितीतरी जास्त. रॉड हलत नाही, दोरी ताणत नाही, मग ओठ फाटतो.

हे मी मामांना समजावत होतो तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "म्हणजे बॅक रेस्ट जाम झालाय म्हण की." मागावर बीमवरून सुटणारा ताणा (उभे धागे) मागच्या एका रुळावरून, म्हणजे बॅक रेस्टवरून, वळतो. धोटा जायला ताण्यात फट (दम) उघडली की धाग्यांवर ताण चढतो, तेवढ्या वेळापुरता तो रूळ थोडा पुढं झुकतो आणि फट मिटली की मागं येतो. तो जाम झाला की दोऱ्या तटातट तुटायला लागतात, आणि नवखा जॉबर सूत खराब आहे म्हणून बोंब मारतो. मामांच्या तोंडून हे ऐकल्यावर मला पुढं काही शिकवायची गरजच उरली नाही. मोजायचं काम तेवढं राहिलं होतं.

गच्चीवर

नुसतं बोलून माझं समाधान होत नाही, म्हणून रॉड गच्चीवर नेला. आधी एक साधी गोष्ट तपासली. सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा जिन्याच्या ग्रिलला बांधला, दोरीचं टोक त्याला अडकवलं आणि मामांना दहा-बारा पावलं मागं जाऊन रॉड उभा धरून ओढायला सांगितलं. आकडे वाचायला त्यांचा नातू उभा.

"किती ओढत असाल, अंदाजे?"

"पाच-सहा किलो तर आरामात."

काटा दोन किलोच्या अलीकडेच घुटमळला. मामांच्या मनगटावरच्या शिरा तटतटल्या, नातू हसायला लागला, आकडा काही पुढं जाईना. त्यांनी काटाच खराब आहे असं ठरवलं. मग पाच किलो आट्याची पिशवी अडकवून काटा बरोबर असल्याची खात्री करून दिली.

रॉड ही तरफ आहे, पण माशाच्या बाजूनं. दोरी टोकाला, हात मुठीला, त्यामुळे माशानं एक किलो ओढलं तर हाताला त्याच्या कितीतरी पट जाणवतं. रॉड जितका लांब आणि जितका ताठ, तितकं हाताला जड. रॉड वाकला की टोक हाताच्या जवळ येतं, तरफ आखूड होते आणि तेवढ्याच मेहनतीत माशावर जास्त ताण लावता येतो. ताठ रॉड माशाला दमवतो असं आपल्याकडे घट्ट बसलेलं आहे. प्रत्यक्षात तो धरणाऱ्याला आधी दमवतो. वाकणारा रॉड कमकुवत, हा समज मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो, कारण त्यापायी लोक दर खेपेला आधीपेक्षा कडक रॉड घेत जातात.

त्याच वेळी दुसरी गोष्ट सापडली. रीलचा ड्रॅग पार आवळलेला होता. मासा ओढू लागला की दोरी सुटावी म्हणून रीलमधे जी घर्षणाची चकती असते, तिचा नॉब मामांनी 'मासा दोरी नेऊ नये' म्हणून शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. म्हणजे दोरी, रॉड आणि रील, तिघांनीही हात वर केलेले.

मग रॉडची ताकद मोजली. यासाठी विल्यम हॅनेमन या अमेरिकन गृहस्थांची एक सुटसुटीत पद्धत आहे. रॉड आडवा पक्का करायचा, टोकाला पिशवी अडकवायची आणि रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश एवढं टोक खाली येईपर्यंत पिशवीत एकसारख्या वजनाची नाणी टाकत जायची. त्यांनी अमेरिकी सेंट वापरले, एक नाणं अडीच ग्रॅमचं. आपल्या नाण्यांची वजनं दर काही वर्षांनी बदलतात, एकाच मूठभर चिल्लरीत तीन तऱ्हेचे रुपये निघतात, म्हणून आम्ही पाणी घेतलं. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, हिशेबाला सोपं. मामांनी पेटीतून सी-क्लॅम्प काढला आणि मूठ कठड्यावर जुनं टॉवेल गुंडाळून आवळली, शेंडा जमिनीला समांतर राहील अशी. सात फुटांचा तिसरा हिस्सा अठ्ठावीस इंच. भिंतीवर तेवढ्या खाली खडूची रेघ मारली, शेवटच्या कडीला दुधाची रिकामी पिशवी टांगली आणि मापानं पाणी ओतायला सुरुवात केली.

पाव लिटरला शेंडा तेवढा झुकला. अर्ध्या लिटरला वरचा दीड फूट वाकला, खालचा भाग जागचा हललेला नाही. रेघेला टेकेपर्यंत जवळपास लिटरभर पाणी लागलं. मामांनी त्या अवस्थेत रॉडच्या मागून भिंतीवर खडूनं त्याची कमान काढून घेतली. मुठीपासून निम्म्याच्या वरपर्यंत जवळजवळ सरळ रेघ आणि मग एकदम आकड्यासारखी वळलेली. हॅनेमन यांच्या पद्धतीत शेवटी शेंडा जमिनीशी किती कोन करतो तेही मोजतात. कोन जितका मोठा, तितका रॉड टोकाशी वाकणारा. आम्हाला कोनमापक लागला नाही, खडूची रेघ बोलकी होती.

दुकानात रॉड हातात घेऊन हवेत फडफडवून पाहायची पद्धत आहे. त्यानं रॉड हलवल्यावर किती लवकर स्थिर होतो ते कळतं, आणि तेही कामाचं आहे. पण भार आल्यावर तो कुठून वाकेल हे त्यातून कळत नाही. हलका कार्बनचा रॉड फडफडवला की जिवंत वाटतो, फायबरग्लासचा जडशीळ वाटतो. भार लावल्यावर चित्र पुष्कळदा उलटं दिसतं.

फुकटातला इलाज

नवा रॉड घ्यायच्या आधी जे पैशाशिवाय बदलता येईल ते बदललं. ड्रॅग सैल करून त्याच लटकत्या काट्यावर लावला. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला तो सुटावा असा सर्वसाधारण नियम आहे. पण तो नियम दोरी वाचवण्यासाठी आहे, आणि इथं वाचवायचा होता ओठ. नऊ किलोच्या दोरीला नियमानं सव्वादोन किलोच्या वर आलं असतं, आम्ही किलोभरावर ठेवला. दुसरं, ब्रेडेड दोरीच्या पुढं पंचवीसेक फूट नायलॉनचा तंगूस जोडला. मासा पार काठाशी आला तरी ताणणारी दोरी मधे राहावी एवढाच हेतू.

याचा गुण आला. मासे सुटणं कमी झालं, बंद झालं नाही. ड्रॅगची एक अडचण असते. चकती फिरायला लागायच्या आधी एक क्षण ती अडखळते, स्वस्त रीलमधे जास्तच. त्या क्षणाला येणारा धक्का रॉडनंच खायचा असतो. आणि दुसरी तक्रार होती तशीच राहिली, ती म्हणजे फेकताना कणकेचा गोळा गळावरून निसटून जायचा. ताठ रॉड फेकीच्या वेळी शेंड्यातून फटकारतो, नरम गोळा तो फटकारा सोसत नाही. मामा पेंड जास्त घट्ट मळायचे. घट्ट गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही, त्याचा वास पसरत नाही, मासे येत नाहीत.

थोडक्यात, नवा रॉड घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

निवड

लांबी किती हवी हे उजनीनं ठरवलं. सोलापूरकरांना उजनी बहुधा पेपरातल्या टक्केवारीतूनच भेटते. एकूण साठा ११७ टीएमसीचा, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, त्यामुळे उन्हाळ्यात 'उजनी वजा इतके टक्के' अशा बातम्या येतात. काठावर बसणाऱ्याला त्या वजा टक्क्यांचा अर्थ वेगळा कळतो. पाणी शेतंच्या शेतं मागं सरकतं, मधे भेगाळलेला गाळ आणि त्याच्या पुढं घोटाभर पाण्याची लांबलचक उथळ पट्टी. खोल पाणी गाठायचं तर लांब फेक हवी, आणि परत ओढताना दोरी तळापासून उचललेली हवी. १९८० साली धरण पूर्ण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती, जुन्या विहिरींची तोंडं, बाभळीची खोडं त्या तळाशी आहेत. सात फुटी रॉडनं दोरी त्यावरून घासत येते. नऊ-दहा फुटी रॉडनं ती बरीच वर राहते.

पुण्याच्या एका दुकानात तीन रॉड बाजूला काढले. पहिला दहा फुटी टेलिस्कोपिक, फायबरग्लासचा, सगळ्यात स्वस्त, पिशवीत मावणारा. मामांचा जीव त्याच्यावर गेला. टेलिस्कोपिकमधे प्रत्येक जोडाशी दोन नळ्या एकात एक असतात, तिथं रॉड कमी वाकतो आणि दोन जोडांच्या मधे जास्त. त्यामुळे कमान सलग होत नाही, तुकड्यातुकड्यानं होते. जोडात वाळू गेली की तो धड मिटत नाही आणि धड उघडतही नाही. उजनीचा गाळ पाहता मी नकोच म्हणालो. चांगले टेलिस्कोपिक असतात, पण त्या किमतीत नाही.

दुसरा आठ फुटी, हाय मॉड्युलस कार्बनचा, मिडियम, फास्ट. हातात घेतला की घेऊनच जावासा वाटणारा. हाय मॉड्युलस म्हणजे तंतू अधिक ताठ. तेवढ्याच ताठपणाला कार्बनचं कापड कमी लागतं, म्हणून रॉड हलका आणि अंगठ्याला बारीकसा ठोकाही कळतो. बदल्यात तो ठिसूळ. दगडावर आपटून पडलेला बारीकसा चराही पुढं कधीतरी भाराखाली मोडायला पुरतो. एसटीच्या टपावरून आणि मोटारसायकलला बांधून जाणाऱ्या रॉडचं यात काही खरं नाही.

तिसरा नऊ फुटी, दोन तुकड्यांचा, ग्लास आणि कार्बन मिसळलेला, मिडियम, मॉडरेट, दोरी ८ ते १४ पौंड. वजनानं दुसऱ्यापेक्षा जड, दिसायला साधा. दुकानदारानं सवयीनं तिन्ही फडफडवून दाखवले. मी दोरी कड्यांतून ओवून टोक त्याच्या हातात दिलं आणि मामांना हळूहळू ओढायला सांगितलं. (शेंडा नुसता छताला टेकवून किंवा हातानं धरून वाकवू नये. सगळा भार एका बिंदूवर येतो आणि दुकानातच रॉड मोडतो. भार कड्यांतून, दोरीनंच यायला हवा.) दुसरा रॉड वरच्या दोन-अडीच फुटांत वाकला आणि थांबला. तिसऱ्याची कमान शेंड्यापासून सुरू झाली, भार वाढेल तशी खाली उतरत निम्म्याच्याही पुढं आली, आणि त्याच्या खाली मात्र रॉड ठाम राहिला. मामांनी काही न बोलता दोनदा ओढून पाहिलं आणि ते पैसे काढायला लागले.

पार मुठीपर्यंत वाकणारा स्लो रॉड मी मुद्दाम सुचवला नव्हता. नायलॉन दोरी, लांब फेक आणि त्यावर फार नरम रॉड अशी बेरीज झाली की गळ ओठात बसायलाच तयार होत नाही, रॉड उचलल्याचा सगळा जोर मधेच विरतो. शिवाय मासा बाभळीच्या खोडाकडे निघाला तर त्याला वळवायला खाली थोडा कणा लागतो. उघड्या, स्वच्छ तळाच्या तलावावर, समजा हिप्परग्यावर, आणखी नरम रॉड चालला असता.

घरी आल्यावर मामांनी आपण होऊन क्लॅम्प काढला. नऊ फुटांचा तिसरा हिस्सा छत्तीस इंच. पाणी निम्म्याहूनही कमी लागलं. भिंतीवर जुन्या आकड्याशेजारी आता एक लांब, गोल उतरती कमान आहे, आणि घरचे ओरडतात म्हणून ती पुसायचं रोज ठरतं.

पाण्यावर

रीलवर आता अखंड नायलॉन, १२ पौंडी. गळ आधीचाच, पेंड जरा सैल मळलेली. पहिला फरक फेकीत दिसला. या रॉडला फटकारा द्यायचा नसतो, मागं नेऊन भार चढू द्यायचा आणि सावकाश पुढं आणायचा. गोळा अख्खा गेला आणि आधीपेक्षा लांब गेला. फटकाऱ्याची सवय मोडायला मामांना थोडा वेळ लागला, त्या काळात बरीच कणीक माशांना फुकट मिळाली.

सकाळी उशिरा एक रोहू लागला. मामांनी हिसका दिला नाही, दोरी ताठ केली, रॉड नुसता उचलला. मासा उजवीकडे धावला, ड्रॅग करकरला, मामांचा हात नॉबकडे गेला तो मी धरला. काठापासून एका रॉडच्या अंतरावर रोहूनं पहिलं वळण घेतलं. आतापर्यंत मासा इथंच सुटायचा. या वेळी शेंडा पाण्याकडे गेला, कमान निम्म्याच्या खाली उतरली, रीलनं हातभर दोरी सोडली आणि रॉड पुन्हा वर आला. परत वळला, परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं नुसती कूस दाखवली. मामा गाळातून चार पावलं मागं सरले आणि त्यांच्या नातवानं जाळी खाली घातली. गळ ओठाच्या कडेला होता. भोक थोडं लांबट झालं होतं, फाटलं नव्हतं.

तिथून पुढं काठाशी मासा सुटणं ही मामांची नित्याची तक्रार राहिली नाही. मासे गेलेच नाहीत असं नाही. एक चांगला मासा बुडलेल्या भिंतीला तंगूस घासून गेला, त्याला कुठलाच रॉड उपाय नाही. चिलापी या रॉडवर लागते पण तिचा ठोका हातात येत नाही, तिला याहून हलका, आखूड रॉड हवा.

वाकणारा रॉड हाती आल्यावर एक नवी खोड मात्र लागते. मासा काठाशी आला की रॉड खांद्यामागं नेऊन अगदी उभा धरायचा, किंवा मासा रॉडनंच उचलून बाहेर काढायचा. पाण्यात माशाचं वजन रॉडला जवळजवळ लागतच नाही, बाहेर पूर्ण लागतं. आणि रॉड दोरीशी फार अरुंद कोन करून मागं गेला की भार खालच्या जाड भागाकडे न जाता शेंड्यावरच अडकतो. मॉडरेट रॉडही तिथं मोडतो. म्हणून मागं सरणं आणि जाळी. मामांना हे पटलंय, नातवाला अजून नाही.

एक गोष्ट रॉडच्या लवचिकतेची नाही, पण याच रॉडच्या लांबीची आहे. कार्बनमधून वीज वाहते, आणि यात कार्बन आहे. फुगवट्याच्या काठानं जागोजागी शेतीपंपांच्या तारा गेलेल्या आहेत, काही चांगल्याच लोंबलेल्या. सात फुटी रॉड घेऊन त्यांच्याखालून जाण्यात आणि नऊ फुटी रॉड उभा धरून जाण्यात फार फरक आहे. गाडीपासून काठापर्यंत रॉड दोन तुकड्यांत, आडवा न्यायचा, जोडायचा तो पाण्याशी गेल्यावर, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

जुना एमएच रॉड विकायचा विचार मामांनी केला होता. तो विकू दिला नाही. त्यावर ब्रेडेड दोरी पुन्हा चढवली, पुढचा तंगूस काढला आणि तो मरळीसाठी पुतण्याकडे गेला. जलपर्णीत तो जे करायचं ते चोख करतो. आता मामांच्या डोक्यात शिवडा धरायचं आलंय, आणि त्यासाठी तिसरा रॉड घ्यावा का असं ते विचारतात. शिवड्याचं तोंड रुंद, दातांचं, आणि ओढ दांडगी. पुतण्याकडचा रॉड त्याला पुरेल, फक्त दोरीच्या टोकाला दाताखाली तग धरेल असा जाड तुकडा लावावा लागेल. हे मी सांगितलंय. पुतण्या रॉड परत देतो का, ते त्या दोघांनी बघावं.